‘जरा’, ‘बेताने’ आणि ‘पुष्कळ’ : बोलीतल्या शब्दांनी यंत्र चालविण्याचा इतिहास



‘‘तांदूळ नवा आहे, पाणी जरा बेताने घाल,’’ असे अम्मी चुलीपाशी उभ्या असलेल्या मुलीला सांगते. ‘‘भट्टी अजून पुरती तापलेली नाही, थोडा थांब,’’ असे बेकरीतला जुना कारागीर नव्या पोराला बजावतो. ‘‘उतार लागला की ब्रेक हळूहळू दाब,’’ असे अब्बा गाडी शिकणाऱ्या मुलाला समजावतात. या तिन्ही सूचनांत एकही आकडा नाही. तरी भात नीट होतो, पाव करपत नाही आणि गाडी सुखरूप खाली उतरते.

आता हीच सूचना एखाद्या यंत्राला द्यावयाची झाली तर? यंत्र विचारील, ‘जरा’ म्हणजे किती? ‘पुरती’ म्हणजे किती अंश? शाळेतही आपण हेच शिकलो, की आकड्यात सांगता येते ते शास्त्र, आणि उरलेले सारे नुसते बोलणे. त्यामुळे ज्यांचे आयुष्य भट्टीजवळ, मागावर किंवा होडीत गेले, त्यांना आपल्याजवळ ज्ञान आहे असे कधी वाटलेच नाही. त्यांची मुले शिकली की त्यांनाही तसे वाटेनासे होते. या समजुतीला गेल्या साठ वर्षांत एका गणिती शास्त्राने मोठा धक्का दिला. त्याचे नाव फझी लॉजिक. धुलाई यंत्राच्या झाकणावर हे शब्द अनेकांनी वाचले असतील. त्यामागचा इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

बाकू ते बर्कली

या शास्त्राचे जनक लुत्फी जादे. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२१ रोजी कास्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरी झाला. वडील इराणी नागरिक व व्यवसायाने पत्रकार, आई रशियन ज्यू घराण्यातील व मुलांची डॉक्टर. घराण्याचे नाव अलीअसगरजादे. आपल्या ‘शहजादा’ आणि ‘साहेबजादा’ या शब्दांतला ‘जादा’ तो हाच. पुढे अमेरिकेत त्या लांब नावाचे शेवटचे टोक तेवढे आडनाव म्हणून उरले.

लुत्फी दहा वर्षांचे असताना, १९३१ साली, कुटुंब तेहरानला आले. बाकूत शिक्षण रशियन भाषेत झाले होते. तेहरानला फारसीचे वातावरण, आणि शाळा अमेरिकन मिशनऱ्यांची. एका भाषेत विचार करावा, दुसरीत बोलावे आणि तिसरीत परीक्षा द्यावी, अशी स्थिती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एक बोली, मोहल्ल्यात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा असते, त्यांना ही ओढाताण समजावून सांगावयास नको. लुत्फी तीतून पार पडले. १९४२ साली तेहरान विद्यापीठातून ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. महायुद्ध चालू असतानाच १९४४ मध्ये ते अमेरिकेस गेले. १९४६ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदवी आणि १९४९ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. दहा वर्षे कोलंबियात शिकविल्यावर १९५९ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत ते कायमचे स्थिरावले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे गृहस्थ आकड्यांना कंटाळून शब्दांकडे वळलेले नव्हते. विद्युत मंडले आणि नियंत्रण यांच्या काटेकोर गणितात त्यांचे नाव आधीच गाजलेले होते, आणि त्या विषयावरील त्यांचे ग्रंथ विद्यार्थी अभ्यासत होते. त्या गणिताची ताकद त्यांना माहीत होती, म्हणूनच त्याची मर्यादाही त्यांना दिसली. यंत्र साधे असेल तोवर सूत्र चालते. पण व्यवस्था जसजशी गुंतागुंतीची होत जाते, तसतसे तिच्याविषयी एकाच वेळी अगदी अचूक आणि अगदी उपयोगाचे बोलणे कठीण होत जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. गंमत अशी, की गणिताने जेथे हात टेकले तेथे साधी माणसे रोज काम उरकत होती.

३४ आणि ३५ यांच्या मधली भिंत

१९६४ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला आईवडिलांच्या घरी असताना आपल्याला मूळ कल्पना सुचली, असे जादे पुढे सांगत असत. ‘फझी सेट्स’ हा त्यांचा निबंध जून १९६५ मध्ये ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फझी म्हणजे कडा पुसट असलेले.

शाळेत आपण संच शिकतो. एखादी वस्तू संचात असते किंवा नसते, तिसरी गोष्ट नाही. सम संख्यांच्या संचात ४ आहे, ५ नाही. येथपर्यंत ठीक. पण ‘उंच माणसांचा संच’ करावयाचा झाला, तर रेघ कोठे ओढावी? सहा फुटांवर ओढली, तर पाच फूट साडेअकरा इंचांचा माणूस एकदम ठेंगण्यांत जाऊन बसतो. परीक्षेत आपण नेमके हेच करतो. ३५ गुणांचा मुलगा पास, ३४ गुणांचा नापास. व्यवहाराला कोठेतरी रेघ ओढावी लागते हे खरे. पण रेघ ओढण्याची सोय म्हणजे मुलाविषयीचे सत्य नव्हे.

जादे यांनी सुचविले, की ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे विचारूच नये, ‘किती प्रमाणात आहे’ असे विचारावे. मुळीच नसेल तर ०, पूर्णपणे असेल तर १, आणि मधल्या सर्व पायऱ्या मोकळ्या. समजा, पाच फुटांच्या माणसाला ‘उंच’ या शब्दात ० आणि सहा फुटांच्या माणसाला १ स्थान दिले, तर साडेपाच फुटांचा माणूस ०.५ इतका उंच ठरतो. त्याला कोणी हाकलत नाही आणि कोणी डोक्यावरही घेत नाही. शब्दांना शब्द जोडण्याचेही साधे नियम त्यांनी दिले. एखादा मुलगा ०.७ उंच आणि ०.४ सशक्त असेल, तर ‘उंच आणि सशक्त’ या दोन्ही गोष्टी मिळून तो त्यांतल्या लहान आकड्याइतका, म्हणजे ०.४. ‘उंच किंवा सशक्त’ असे विचारले, तर मोठ्या आकड्याइतका, म्हणजे ०.७. ‘उंच नाही’ हे १ मधून ०.७ वजा करून ०.३. पुढे १९७२ साली त्यांनी ‘फार’ आणि ‘थोडासा’ यांसारख्या शब्दांचाही गणिती अर्थ मांडला. ०.७ ला ०.७ ने गुणले की ०.४९ येतात. म्हणजे जो ०.७ उंच, तो ‘फार उंच’ केवळ ०.४९. आपली बोलीही हेच सांगते. उंच म्हणविणे सोपे, फार उंच म्हणविणे अवघड.

पुष्कळांना वाटते, की ही तर शक्यता, म्हणजे संभाव्यतेचे गणित. तसे नाही. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता ०.७’ असे म्हणताना पाऊस अजून पडलेला नसतो, आणि उद्या संध्याकाळी तो पडला की नाही हे कळेल. पण समोर पाऊस पडतोच आहे, तो भुरभुर आहे, रिमझिम आहे की मुसळधार, हे ठरवावयाचे असेल तर वाट पाहून काही उपयोग नाही. तेथे घटना पक्की आहे, शब्दाची सीमा पुसट आहे. कोकणातल्या माणसाने पावसाला इतकी नावे दिली ती उगाच नव्हेत. कोणत्या पावसात लावणी करावी आणि कोणत्या पावसात होडी वर ओढावी, हे त्या नावांवरून ठरत असे.

या कल्पनेला पूर्वज नव्हते असे नाही. एकेक दाणा काढत गेल्यास धान्याची रास केव्हा रास राहत नाही, हे कोडे प्राचीन ग्रीकांनी घातले होते. खरे आणि खोटे यांखेरीज तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र पोलंडचे लुकासिएविच यांनी १९२० साली मांडले होते. पण पुसट शब्दांना कामाला लावता येईल असे संपूर्ण गणित जादे यांनी उभे केले.

विद्वानांचा विरोध

स्वागत मात्र थंड झाले. अमेरिकेतील अनेक गणिती व अभियंते या निबंधावर नाराज होते. अपोलो यानांच्या मार्गदर्शनात ज्यांची पद्धत उपयोगी पडली ते रुडॉल्फ कालमन यांनी १९७२ मधील एका परिषदेत ही शास्त्रातील ढिलाई आहे, अशा अर्थाची कडक टीका केली. बर्कलीतच काम करणारे नामवंत गणिती विल्यम कॅहन यांनीही या विचाराला चुकीचा आणि घातक म्हटले. ही माणसे क्षुद्र नव्हती. अचूक विचार करण्याची सवय शास्त्राने मोठ्या कष्टाने लावून घेतली आहे, ती ‘साधारण’ आणि ‘बहुधा’ या शब्दांनी मोडू नये, ही त्यांची काळजी होती.

जादे रागावले नाहीत. ते सभ्यपणे उत्तरे देत राहिले आणि काम करीत राहिले. १९७३ साली त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यात ‘असे असेल तर तसे करा’ अशा बोलीतल्या नियमांनी गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे वर्णन आणि नियंत्रण कसे करता येईल, हे दाखविले होते. मात्र त्या नियमांवर चालणारे यंत्र अजून कोणी बनविलेले नव्हते.

लंडनमधले वाफेचे इंजिन

ते काम एका भारतात शिकलेल्या तरुणाच्या हातून झाले. इब्राहिम ममदानी यांचा जन्म १९४२ साली टांझानियात झाला. शिक्षण भारतात झाले, आणि १९६६ साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच ते शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी सेतो असिलियान प्रयोगशाळेतल्या लहानशा वाफेच्या इंजिनावर काम करीत होते. बाष्पपात्राला किती उष्णता द्यावी आणि वाफेची झडप किती उघडावी, या दोन गोष्टी हातात. वाफेचा दाब आणि इंजिनाचा वेग, या दोन गोष्टी सांभाळावयाच्या. एकीला हात लावला की दुसरी बिघडते. शिवाय इंजिनाचा स्वभाव वेळोवेळी बदलतो, त्यामुळे आज बसविलेले सूत्र उद्या चुकते.

ममदानींनी जादे यांचा १९७३ चा निबंध वाचला होता. त्यांनी सूत्र बाजूला ठेवले आणि चांगला कामगार जे तोंडाने सांगेल ते नियम लिहिले. ‘दाब बराच कमी असेल आणि तो आपोआप वाढत नसेल, तर उष्णता बरीच वाढवा.’ ‘दाब थोडा कमी असेल आणि हळूहळू वाढत असेल, तर उष्णता जराशीच वाढवा.’ अशा धर्तीचे काही नियम संगणकात घालण्यात आले.

हे नियम एकत्र कसे काम करतात, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, या क्षणी दाब ‘थोडा कमी’ या शब्दात ०.७ बसतो आणि ‘बराच कमी’ या शब्दात ०.३ बसतो. पहिला नियम सांगतो, उष्णता २ घरे वाढवा. दुसरा सांगतो, ६ घरे वाढवा. यंत्र दोघांचेही ऐकते, पण ज्याचे जितके वजन तितकेच. २ ला ०.७ ने गुणले की १.४. ६ ला ०.३ ने गुणले की १.८. बेरीज ३.२. उष्णता ३.२ घरे वाढते. क्षणाने दाब बदलला की वजने बदलतात आणि उत्तरही सरकते. कोठेही धक्का नाही. ममदानींची प्रत्यक्ष रीत याहून थोडी वेगळी होती, पण तत्त्व हेच. शब्दांतून सुरुवात झाली, आणि शेवटी झडपेला मिळाला तो नेमका आकडा.

ठरावीक सूत्रावर चालणाऱ्या नियंत्रकापेक्षा हा नियंत्रक सरस ठरला. हे निष्कर्ष १९७४ आणि १९७५ साली प्रसिद्ध झाले. बोलीतल्या वाक्यांवर यंत्र चालले, हे जगाने प्रथमच पाहिले. ममदानी २२ जानेवारी २०१० रोजी निवर्तले. आजही या रीतीला अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ‘ममदानी पद्धत’ असेच म्हणतात.

याच सुमारास आपल्या देशातही काम सुरू झाले होते. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील शंकर पाल आणि द्विजेश दत्ता मजुमदार यांनी तेलुगू स्वरांचे उच्चार ओळखण्यासाठी फझी संच वापरले आणि ते काम १९७७ साली प्रसिद्ध केले. दोन माणसांचा ‘आ’ सारखा नसतो, तरी कान तो ओळखतो. हा प्रश्न पुसट सीमांचाच होता.

भट्टीवरचा कारागीर

प्रयोगशाळेतून हे शास्त्र कारखान्यात गेले ते डेन्मार्कमध्ये. एफ. एल. स्मिथ ही सिमेंट कारखाने उभारणारी जुनी कंपनी. तिच्याच नोकरीतून भारतात आलेल्या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत लार्सन अँड टुब्रो स्थापन केली.

सिमेंटची भट्टी म्हणजे हळूहळू फिरणारी, किंचित उतरती, लांबच लांब लोखंडी नळी. चुनखडी आणि मातीची पूड वरच्या टोकाकडून शिरते, खालच्या टोकाला ज्वाला असते, आणि सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला पुडीचे कठीण गोळे बनतात. एवढ्या आगीत सारे काही मोजता येत नाही, आणि आज केलेल्या फेरफाराचा परिणाम उशिरा दिसतो. म्हणून भट्टीवर मुरलेला कारागीर असतो. तो रंगीत काचेतून ज्वालेकडे पाहतो, माल कसा वळतो ते पाहतो आणि म्हणतो, ‘‘भट्टी थंड पडतेय, पण हवाही कमी आहे. आधी पंख्याची ओढ वाढवा, मग थोडा कोळसा.’’ भट्टीवरील कामगारांना शिकविण्याच्या पुस्तकांत असे नियम साध्या वाक्यांत लिहिलेलेच होते. हॉल्मब्लाड आणि ऑस्टरगार्ड या अभियंत्यांनी ते संगणकाला दिले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भट्टीवर चाचण्या झाल्या, आणि १९८२ साली त्यांनी आपला अनुभव लेखरूपाने मांडला. कारागिराचे बोलणे तेथे ज्ञान म्हणून नोंदले गेले.

त्यानंतरची मोठी झेप जपानने घेतली. हिताची कंपनीच्या अभियंत्यांनी सेंडाई शहराच्या भुयारी रेल्वेसाठी फझी नियंत्रण तयार केले, आणि ही रेल्वे जुलै १९८७ मध्ये सुरू झाली. चांगला मोटरमन मनात म्हणतो, ‘आता ब्रेक लावला तर गाडी बरोबर जागी थांबेल, आणि प्रवाशांना धक्काही बसणार नाही.’ संगणकही पुढचा प्रत्येक पर्याय ‘सुरक्षित’, ‘आरामाचा’ आणि ‘नेमका थांबणारा’ या शब्दांच्या कसोटीवर आधीच तपासून पाहत असे. त्याच महिन्यात तोक्योला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. १९८९ साली जादे यांना जपानचा होंडा पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये मात्सुशिता कंपनीने कपड्यांचा मळ पाहून धुण्याचा वेळ ठरविणारे धुलाई यंत्र बाजारात आणले, आणि ‘फझी’ हा शब्द त्या वर्षी जपानमध्ये घरोघर झाला. पुढे तो भातकुकरांवर, कॅमेऱ्यांवर आणि आपल्या बाजारपेठेतही आला. कित्येकदा तो जाहिरातीपुरताच होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

जादे ६ सप्टेंबर २०१७ रोजी बर्कली येथे वारले. ज्या बाकूतून ते दहाव्या वर्षी निघाले होते, तेथेच त्या महिन्याच्या अखेरीस त्यांचे दफन झाले.

आपण यातून काय घ्यावे

प्रथम, काय घेऊ नये ते सांगतो. ‘साधारण चालेल’ असे म्हणून गणित अर्धवट सोडण्याची परवानगी या शास्त्राने कोणालाही दिलेली नाही. जादे आणि ममदानी शब्दांकडे गेले ते गणित पक्के करून गेले. शब्दाला वजन किती द्यावे, हे ठरविताना आकडाच लागतो. नियम देणारा माणूस अडाणी असेल तर यंत्रही चुकतेच. शिवाय सगळी कामे या रीतीने होत नाहीत. औषधाची मात्रा मोजूनच द्यावी आणि हिशेब पैशापैशाने जुळवावा. गेल्या काही वर्षांत तर यंत्रे लाखो उदाहरणांवरून स्वतःच शिकू लागली आहेत, आणि फझी लॉजिक आता अनेक साधनांपैकी एक साधन राहिले आहे. पण त्याचा एक गुण टिकून आहे. त्याचे नियम माणसाला वाचता येतात, समजतात आणि चुकले तर दुरुस्त करता येतात.

घ्यावयाचे ते एवढेच. ‘अंदाज’ हा शब्द आपण हलक्या अर्थाने वापरतो. पण तीस वर्षे भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा अंदाज म्हणजे त्याची तालीमच होय. ती लिहून ठेवलेली नसते, म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. ती टिपून घेण्यासाठी भाषा आणि गणित दोन्ही येणारे कोणीतरी लागते. ते कोणीतरी म्हणजे आपल्या घरात शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी.

पालकांनाही एक विनंती. ‘हुशार’ आणि ‘ढ’ हे दोन्ही पुसट कडांचे शब्द आहेत. ३४ गुणांच्या मुलाला ‘ढ’ म्हणणे म्हणजे पाच फूट साडेअकरा इंचांच्या माणसाला ठेंगणा म्हणणे. तो कशात किती प्रमाणात हुशार आहे, हे आधी पाहावे आणि मग शब्द उच्चारावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत एक काम करा. वही घ्या आणि अब्बांच्या किंवा अम्मीच्या शेजारी बसा. त्यांच्या कामातले दहा नियम ‘असे असेल तर तसे करा’ या रूपात, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘जरा’ आला तर ‘जरा’ लिहा, ‘बेताने’ आला तर ‘बेताने’. मग प्रत्येक शब्दापुढे विचारा, किती असले की जरा, आणि किती झाले की जास्त? उत्तर देताना ते क्षणभर थांबतील, बहुधा हसतीलही. आपल्याला इतके ठाऊक आहे हे त्यांनाही तेव्हाच कळेल. ती वही जपून ठेवा.